आज्ञावलीची परीक्षा : जीवशास्त्रातील परीक्षकांपुढील नवे काम

शास्त्रज्ञाचे संशोधन पूर्ण झाले म्हणजे ते लगेच ज्ञानाच्या भांडारात जमा होते असे नाही. संशोधक आपला शोधनिबंध एखाद्या नियतकालिकाकडे पाठवितो. संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. हे जाणकार निबंध बारकाईने वाचतात आणि त्यातील पुरावा निष्कर्षाचे ओझे पेलू शकतो की नाही, याविषयी आपला अभिप्राय लेखी कळवितात. निबंध स्वीकारावा, दुरुस्त करवून घ्यावा की परत पाठवावा, याचा निर्णय संपादक त्या अभिप्रायाच्या आधारे करतो. या पद्धतीस तज्ज्ञ-परीक्षण असे म्हणतात. परीक्षकाला या कामाचा मोबदला बहुधा मिळत नाही, आणि पुष्कळदा त्याचे नावही लेखकास कळत नाही.

ही पद्धत एका दिवसात जन्मास आलेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीशी निगडित असलेले ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ साली सुरू झाले, तेव्हा त्यात काय छापावयाचे हे बव्हंशी त्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याच विवेकावर अवलंबून असे. १७५२ साली सोसायटीने ते काम एका समितीकडे सोपविले, आणि १८३० नंतरच्या दशकात सभासदांकडून लेखी अभिप्राय मागविण्याची प्रथा पडली. ‘नेचर’सारख्या जगप्रसिद्ध साप्ताहिकाने बाहेरील तज्ज्ञांचे परीक्षण हा सक्तीचा नियम केला तो तर १९७३ साली. आज शास्त्राचा कणा मानली जाणारी ही पद्धत अजूनही घडतच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. गेल्या काही दशकांत तिच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. निबंधाचा विषयच जर संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर असेल, तर परीक्षकाने परीक्षा कोणाची घ्यावयाची? कागदावरील निबंधाची, की प्रत्यक्ष आज्ञावलीची?

डोळ्यांनी न वाचता येणारी पोथी

हा प्रश्न जीवशास्त्रात विशेष तीव्रतेने उपस्थित व्हावा, यास कारण आहे. १९६५ साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या घटकांचा क्रम सांगणारे पहिले संकलन प्रसिद्ध केले. त्यात अवघी ६५ प्रथिने होती. तो ग्रंथ माणसाने समोर घेऊन बसावे आणि हाताने तुलना करीत जावे, इतक्या आटोपशीर आकाराचा होता. त्यानंतर चित्र पालटले. मनुष्याच्या जनुकसंचातील अक्षरांची संख्या सुमारे ३०० कोटी आहे. त्या संचाचा पहिला आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि उरलेल्या जागा भरून तो खऱ्या अर्थाने पूर्ण व्हावयास २०२२ साल उजाडले. ही पोथी कोणाही माणसाला डोळ्यांनी वाचता येण्याजोगी नाही. ती वाचावयाची तर मध्ये आज्ञावली हवीच. यंत्रातून येणारे लक्षावधी लहान तुकडे जुळविणे, दोन क्रमांतील साम्य शोधणे, रोगी आणि निरोगी पेशींतील फरक मोजणे, ही सारी कामे आज्ञावली करते. जीवशास्त्रज्ञ पाहतो तो तिने दिलेला अंतिम आकडा किंवा आलेख.

त्यामुळे अशा आज्ञावलींचे वर्णन करणारे शोधनिबंध हा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण झाला. या विषयास वाहिलेले एक नियतकालिक १९८५ साली निघाले आणि १९९८ पासून ते ‘बायोइन्फॉर्मॅटिक्स’ या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’ हे नियतकालिक दरवर्षी आपला एक अंक केवळ अशा संगणकीय सेवांसाठी राखून ठेवते. आज्ञावली काय करते, कोणत्या पद्धतीने करते आणि आधीच्या आज्ञावलींपेक्षा सरस कशी आहे, हे अशा निबंधांतून, कित्येकदा अवघ्या दोन-चार पानांत, सांगितलेले असते.

आज्ञावली हे शास्त्रज्ञाचे उपकरणच होय. परंतु सूक्ष्मदर्शकात आणि तिच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात दोष असेल तर प्रतिमा अंधुक किंवा वेडीवाकडी दिसते, आणि पाहणाऱ्याला संशय येतो. आज्ञावलीत दोष असला तरी तिचे उत्तर तितकेच स्वच्छ, नीटनेटके आणि दशांशचिन्हापुढील अंकांसह येते. चुकीच्या उत्तरावर चूक असल्याची कोणतीही खूण नसते. निबंध वाचणाऱ्या परीक्षकाची अडचण नेमकी येथे सुरू होते.

दोन रकान्यांची अदलाबदल

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ला होया येथील स्क्रिप्स संशोधन संस्थेत घडले. तेथील शास्त्रज्ञ जॉफ्री चँग यांनी २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जिवाणूंमधील ‘एमएसबीए’ नावाच्या एका प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. पेशीच्या आवरणातून पदार्थ बाहेर नेणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील हे प्रथिन आहे. कर्करोगाच्या पेशी औषध बाहेर फेकून देतात त्या कामीही याच कुळातील प्रथिने गुंतलेली असतात. साहजिकच या रचनेकडे अनेकांचे लक्ष वेधले आणि पुढील पाच वर्षांत साडेतीनशेहून अधिक निबंधांनी तिचा आधार घेतला.

२००६ साली झुरिक येथील कास्पर लोकर आणि त्यांचे सहकारी रॉजर डॉसन यांनी त्याच कुळातील दुसऱ्या एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. ती चँग यांच्या रचनेशी जुळेना. चँग यांनी आपले सारे काम पुन्हा तपासले, तेव्हा दोष सापडला. स्फटिकावर क्ष-किरण सोडून मिळालेल्या मापांवर प्राथमिक संस्कार करणारी एक घरगुती आज्ञावली त्यांच्या प्रयोगशाळेत वापरली जात असे. ती मापांच्या दोन रकान्यांची अदलाबदल करीत होती. एवढ्या एका गोष्टीने अधिक-उणे चिन्ह उलटले, आणि रचना ज्या नकाशावरून उभी करावयाची तो नकाशाच आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटा झाला. डाव्या हाताच्या मोजाला उजव्या हाताचा मोजा समजून त्यात बोटे बसवीत जावे, तसा तो प्रकार होता. डिसेंबर २००६ मध्ये चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः होऊन हा दोष जाहीर केला, आणि एकूण पाच निबंध मागे घ्यावे लागले.

येथे परीक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. त्यांच्यापुढे निबंध होता, रचनेची चित्रे होती. ती घरगुती आज्ञावली त्यांच्यापुढे आलेलीच नव्हती. दुसरी बाजू मात्र अधिक विचार करावयास लावणारी आहे. मधल्या काळात ज्यांच्या प्रयोगांचे निष्कर्ष या रचनेच्या विरुद्ध जात होते, त्यांतील काहींना आपले निबंध मान्य करवून घेणे कठीण गेले. प्रसिद्ध झालेल्या रचनेशी जुळत नाही, हाच त्यांच्या कामातील दोष ठरला. न तपासलेली आज्ञावली अशा रीतीने स्वतःपुरतीच चूक करून थांबत नाही. ती दुसऱ्यांच्या बरोबर कामावरही निकाल देऊ लागते.

लिहिले एक, चालले दुसरे

दुसरे उदाहरण इतके दुःखद नाही, पण परीक्षकाच्या दृष्टीने ते फार मार्मिक आहे. दोन प्रथिने एकमेकांशी कितपत मिळतीजुळती आहेत हे ठरविण्यासाठी २० अमिनो आम्लांच्या प्रत्येक जोडीस गुण देणारे एक कोष्टक लागते. स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ या दांपत्याने १९९२ साली अशी कोष्टके तयार केली. त्यांतील ‘ब्लोसम-६२’ हे कोष्टक जगभर मान्यता पावले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे जीवशास्त्रज्ञांच्या नित्य वापरात आलेल्या ‘ब्लास्ट’ या शोध-आज्ञावलीत प्रथिनांच्या तुलनेसाठी काही वेगळे न सांगितल्यास हेच कोष्टक वापरले जाते.

२००८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात काही संशोधकांनी दाखवून दिले की, निबंधात वर्णन केलेली पद्धत आणि कोष्टक तयार करणाऱ्या आज्ञावलीने प्रत्यक्ष केलेली गणिते यांत फरक आहे. निबंधाप्रमाणे गणित केले तर येणारे कोष्टक थोडे निराळे असते. तब्बल १६ वर्षे हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता. गमतीचा भाग असा की, दुरुस्त केलेल्या कोष्टकापेक्षा मूळचे चुकलेले कोष्टकच साम्य शोधण्याच्या कामी किंचित सरस ठरले.

शास्त्राचे नुकसान झाले नाही म्हणून ही गोष्ट हसून सोडून देता येईल. परंतु तीतून निघणारा बोध स्पष्ट आहे. निबंध हे आज्ञावलीचे वर्णन आहे. ती स्वतः आज्ञावली नव्हे. निबंधातील प्रत्येक वाक्य निर्दोष असूनही यंत्रात चालणारी गोष्ट वेगळी असू शकते. जो परीक्षक केवळ निबंध वाचतो, तो लेखकाच्या हेतूची परीक्षा करतो. त्याच्या कृतीची परीक्षा करावयाची असेल, तर आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे जिला सोर्स कोड म्हणतात ती, त्याच्या हाती असली पाहिजे.

परीक्षकाने काय पाहावे

मग चांगला परीक्षक प्रत्यक्षात काय करतो? त्याची पहिली पायरी अगदी साधी असते. आज्ञावली आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, लेखकांनी दिलेल्या सूचनांप्रमाणे ती बसवावी, आणि त्यांनीच दिलेल्या नमुन्यावर ती चालवून पाहावी. निबंधात छापलेला आकडा तिच्यातून निघतो काय? ही पायरी क्षुल्लक वाटेल. परंतु ती येथेच अडली तर पुढील सारे वाचन व्यर्थ आहे. लेखकाच्या संगणकावर असलेली एखादी साहाय्यक आज्ञावली दुसरीकडे नसते, एखाद्या फायलीचा पत्ता लेखकाच्या यंत्रापुरताच खरा असतो, सूचनांतील एक पायरी गाळली गेलेली असते. परीक्षकाला जी अडचण आली ती पुढे प्रत्येक वापरणाऱ्याला येणार, म्हणून ती नम्रपणे पण स्पष्टपणे नोंदविणे त्याचे कर्तव्य ठरते.

दुसरी पायरी ही, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न आज्ञावलीला घालावयाचा. समजा, रोगी आणि निरोगी व्यक्तींच्या पेशींत कोणत्या जनुकांचे कार्य कमी-अधिक झाले आहे, हे शोधणारी एखादी आज्ञावली परीक्षणासाठी आली आहे. परीक्षक काही जनुकांच्या आकड्यांत मुद्दाम ठरावीक बदल करतो आणि ती नेमकी तीच जनुके ओळखते काय, हे पाहतो. त्यानंतर तो याच्या उलट परीक्षा घेतो. रोगी व निरोगी या चिठ्ठ्या सरमिसळ करून टाकतो. आता दोन गटांत खरा फरक उरलेलाच नाही. अशा वेळी प्रामाणिक आज्ञावलीने ‘काही सापडले नाही’ असे सांगावयास हवे. मनुष्याची सुमारे २०,००० जनुके एकेक करून तपासली आणि प्रत्येक वेळी शंभरात पाच चुका चालवून घेतल्या, तर काहीही फरक नसताना सुमारे १,००० जनुके केवळ योगायोगाने दोषी ठरतील. आज्ञावलीने याची तजवीज केली आहे की नाही, हे या उलट परीक्षेत उघडे पडते.

या उलट परीक्षेचे सामर्थ्य २०१६ साली सर्वांना दिसले. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाचे आंदेर्स एकलुंड व हान्स नूटसन आणि इंग्लंडचे थॉमस निकोल्स यांनी मेंदूच्या चुंबकीय चित्रणाचा अर्थ लावणाऱ्या तीन प्रसिद्ध आज्ञावली परीक्षेसाठी घेतल्या. त्यांनी ४९९ निरोगी व्यक्तींची, काहीही विशेष काम करीत नसतानाची चित्रणे घेऊन त्यांचे यदृच्छेने गट पाडले. अशा गटांत फरक सापडला तर तो खोटाच असणार. खोटे निष्कर्ष शंभरात ५ निघावेत अशी अपेक्षा होती. काही पद्धतींनी ते ७० पर्यंत निघाले. तपासात एका आज्ञावलीतील १५ वर्षे दडून राहिलेला दोषही उघडकीस आला. तो २०१५ सालीच दुरुस्त करण्यात आला होता. याच निबंधात ४०,००० जुन्या निबंधांवर संशयाची छाया पडते अशा आशयाचे एक वाक्य होते. ते फार व्यापक असल्याचे दिसून येताच लेखकांनी ते सुधारून घेतले. परीक्षा घेणाऱ्याचे विधानही परीक्षेतून सुटत नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरी पायरी तुलनेची. नवी आज्ञावली जुन्यांपेक्षा सरस आहे, असे बहुतेक प्रत्येक निबंधात म्हटलेले असते. परीक्षकाने विचारावयाचे ते असे : तुलनेसाठी नमुने कोणी निवडले? स्वतःच्या आज्ञावलीचे सारे खिळे-स्क्रू नीट आवळून घेतले आणि प्रतिस्पर्धी आज्ञावली मात्र पेटीतून काढली तशीच चालविली, असे तर झाले नाही ना? ज्या नमुन्यांवर आज्ञावली घडविली, त्याच नमुन्यांवर तिची परीक्षा घेतली गेली काय? तसे असेल तर तो, विद्यार्थ्याला आधी प्रश्नपत्रिका देऊन मग त्याची परीक्षा घेण्याचा प्रकार होय. या बाबतीत प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्यांनी घालून दिलेला पायंडा अनुकरणीय आहे. १९९४ पासून दर दोन वर्षांनी त्यांची एक जागतिक परीक्षा होते. प्रयोगाने निश्चित झालेल्या पण अद्याप प्रसिद्ध न झालेल्या रचना परीक्षक आपल्याजवळ गुप्त ठेवतात, आणि स्पर्धकांनी केवळ घटकक्रमावरून रचना सांगावयाची असते. २०२० सालच्या परीक्षेत ‘आल्फाफोल्ड’ या आज्ञावलीने मिळविलेले यश जगाने इतक्या लवकर मान्य केले, त्याचे एक मोठे कारण उत्तरे तिच्या कर्त्यांच्या हाती नव्हती हे होय. त्या कामाबद्दल डेमिस हासाबिस व जॉन जंपर यांना २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

चौथी पायरी आज्ञावलीच्या उंबरठ्यावरची आहे. माहिती आत येते कशी आणि बाहेर पडते कशी? येथे घडणाऱ्या चुका हास्यास्पद वाटाव्यात इतक्या साध्या असतात. जनुकांना दिलेल्या आखूड नावांत ‘सेप्ट-२’ आणि ‘मार्च-१’ अशी नावे होती. ‘एक्सेल’ या सर्वपरिचित आज्ञावलीत ती लिहिली की ती त्यांना तारखा समजे आणि २ सप्टेंबर, १ मार्च असे मुकाट्याने करून टाकी. हा धोका २००४ सालीच निदर्शनास आणला गेला होता. तरीही २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेले ३,५९७ निबंध तपासले, तेव्हा त्यांतील ७०४ निबंधांत, म्हणजे जवळजवळ पाचातील एकात, असे बिघाड आढळले. अखेर २०२० साली जनुकांची अधिकृत नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावेच बदलल्याचे जाहीर केले, आणि २०२३ साली एक्सेलमध्येही हे रूपांतर थांबविण्याची सोय आली. जोडलेली यादी परीक्षकाने एकदा उघडून नजरेखालून घातली असती, तरी यातील पुष्कळ चुका छापून येण्यापूर्वीच पकडल्या गेल्या असत्या.

एका ओळीची चूक आणि रुग्ण

ही सारी काळजी केवळ विद्वानांच्या आपसांतील शिस्तीसाठी आहे असे कोणास वाटेल. तसे नाही, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील प्रकरणाने दाखवून दिले. २००६ साली तेथील संशोधकांनी असा दावा केला की, गाठीतील जनुकांच्या कार्यावरून कोणत्या रुग्णास कोणते कर्करोगविरोधी औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्ज यांनी तेच गणित पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न केला. ते जुळेना. प्रसिद्ध झालेल्या यादीतील जनुकांची नावे एकेका ओळीने सरकलेली होती. आकडे एका जनुकाचे आणि नाव शेजारच्याचे, असा प्रकार झाला होता. अन्यत्र औषधाला दाद देणारे आणि न देणारे हे गटच उलटसुलट झाल्याच्या खुणा दिसल्या. २००७ साली त्यांनी आपले आक्षेप मांडले, २००९ साली सविस्तर निबंध लिहिला. तोवर या पद्धतीच्या आधारे रुग्णांना औषधे देण्याच्या चाचण्या सुरूही झाल्या होत्या. त्या २०१० साली कायमच्या बंद झाल्या आणि २०११ च्या प्रारंभी मूळ निबंध मागे घेण्यात आला. या प्रकरणात केवळ चुकाच नव्हत्या, सामग्रीत खोटेपणाही झाला होता, असा निष्कर्ष अमेरिकी शासनाच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने २०१५ साली काढला.

बॅगर्ली आणि कूम्ब्ज यांना मूळ सामग्री आणि आज्ञांची संपूर्ण साखळी हाती मिळाली नव्हती. अर्धवट धाग्यांवरून त्यांना ती उलगडावी लागली. तीच साखळी निबंधाबरोबर परीक्षकांपुढे ठेवली गेली असती, तर कदाचित ही गोष्ट रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचली नसती. संहिता आणि सामग्री मागणारा परीक्षक लेखकावर अविश्वास दाखवीत नाही; ज्याला त्या निबंधाचे नावही कधी कळणार नाही अशा रुग्णाच्या वतीने तो ती मागतो.

मर्यादा आणि उपाय

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे. परीक्षक हा विनामूल्य काम करणारा, स्वतःच्या संशोधनात व अध्यापनात गुंतलेला मनुष्य असतो. हजारो ओळींची संहिता त्याने अक्षरशः वाचावी, ही अपेक्षा कोण करील? शिवाय ज्याला जीवशास्त्र कळते त्याला आज्ञावलीची रचना कळेलच असे नाही, आणि उलटही तसेच.

या आक्षेपास उत्तर असे की, परीक्षकाने सर्व काही स्वतः करावे असे नसून, सर्व काही कोणालाही करता येईल अशी व्यवस्था आहे की नाही एवढे त्याने अवश्य पाहावे. मूळ संहिता खुली आहे काय? तिचा वापर कोणत्या अटींवर करता येतो हे लिहिले आहे काय? निबंधातील निष्कर्ष आज्ञावलीच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवर काढले, आणि ती आवृत्ती कायमच्या ठिकाणी जतन केली आहे काय? कारण आज्ञावली पुस्तकासारखी स्थिर नसते. निबंध छापला गेल्यावरही ती बदलत राहते. तिची प्रत्येक क्रिया आपोआप तपासणाऱ्या लहान लहान चाचण्या लेखकांनी बरोबर दिल्या आहेत काय? एवढ्या गोष्टी पाहावयास संहितेची प्रत्येक ओळ वाचावी लागत नाही. संपादकानेही एक परीक्षक जीवशास्त्राचा आणि एक आज्ञावलीचा जाणकार निवडला, तर दोघांची उणीव परस्परांकडून भरून निघते.

या दिशेने काही पावले पडलीही आहेत. ‘बायोकंडक्टर’ या २००१ साली सुरू झालेल्या प्रकल्पात जीवशास्त्रीय आज्ञावली संग्रहात घेण्यापूर्वी प्रत्यक्ष चालवून व वाचून पाहिली जाते, आणि पुढेही नियमितपणे तपासली जाते. २०१६ साली निघालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ या नियतकालिकाने तर नेहमीचा क्रमच उलटा केला. तेथे निबंध अगदी छोटा असतो आणि परीक्षण मुख्यतः आज्ञावलीचे होते. आज्ञावली बसविता येते काय, सांगितलेले काम करते काय, माहितीपत्रक पुरेसे आहे काय, चाचण्या आहेत काय, असे मुद्दे परीक्षक एका यादीनुसार एकेक करून तपासतो. हे परीक्षण उघडपणे, नावानिशी चालते, आणि उणिवा दाखविल्या की लेखक त्या तेथल्या तेथे दुरुस्त करतात. परीक्षक आणि लेखक यांचे नाते वादी-प्रतिवादीचे न राहता सहकाऱ्यांचे होते, हा या पद्धतीचा मोठाच लाभ म्हणावा लागेल.

आज्ञावलीच्या उत्तराची कसोटी आज्ञावलीच्या बाहेर असावी, हे तत्त्व भारतीय शास्त्रास अपरिचित नाही. १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनांच्या साखळीला कोणत्या कोनांत वळता येईल आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, हे दाखविणारा आलेख मांडला. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. आजही नवी रचना जागतिक संग्रहात दाखल होते तेव्हा तिच्या तपासणी-अहवालात ही कसोटी असते, आणि तो अहवाल परीक्षकांपुढे ठेवावा असा अनेक नियतकालिकांचा आग्रह असतो. रचना कोणत्या आज्ञावलीने काढली याच्याशी या आलेखाला कर्तव्य नाही. निसर्गाला जे शक्य नाही ते यंत्राने सांगितले आहे काय, एवढेच तो विचारतो.

आज रक्ताचा एखादा नमुना जनुकीय तपासणीसाठी पाठविला जातो, आणि काही दिवसांनी छापील अहवाल हाती येतो. त्या अहवालातील दोन ओळींमागे अनेक आज्ञावली एकामागून एक चाललेल्या असतात. रुग्णाला त्या दिसत नाहीत आणि बहुधा डॉक्टरलाही दिसत नाहीत. त्यांतील प्रत्येक आज्ञावलीचे वर्णन केव्हा तरी एखाद्या परीक्षकाच्या टेबलावर आलेले असते. त्या दिवशी त्याने केवळ भाषा आणि आलेख पाहून शिफारस केली, की ती आज्ञावली स्वतः चालवून, तिला खोटा प्रश्न घालून तिचे उत्तर पाहिले, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. त्याला त्यासाठी दोन-तीन दिवस अधिक लागतील. ते दिवस त्याला मिळावेत आणि त्याच्या या श्रमाची संशोधनकार्यात गणना व्हावी, याची सोय विद्यापीठांनी आणि नियतकालिकांनी केली पाहिजे.